कुठून बघतेस गं?

संध्याकाळचे साडेसात. पनवेल स्टेशनवरून शेअर रिक्षाने करंजाड्याला पोचले, पर्स सोफ्यावर टाकली, हातपाय धुतले आणि थेट कुकर लावला. परातीत कणीक घेतली, तेवढ्यात आठवीतली लेक मोबाइल घेऊन आली.

"आई, एक फोटो दाखवू?"

पिठाचे हात तसेच धरून मी मान वळवली. फोटोत एक म्हातारा हात होता. मनगटात हिरव्या बांगड्या, हात वर उचललेला, तळवा आडवा धरलेला. मागे नुसतं पांढरट आभाळ.

"हे काय गं? शेजारच्या आजींचा चेहरा कुठाय? आणि तिरका आलाय की फोटो!" मी म्हटलं. आणि त्याच श्वासात, "गणिताचा गृहपाठ झाला का?"

ती काही बोलली नाही. मोबाइल ओट्यावर ठेवला आणि आत निघून गेली. मीही पुन्हा कणकेकडे वळले. आठ वाजत आले होते, भाजी व्हायची होती, उद्याचे डबे डोळ्यांसमोर नाचत होते.

तुमच्या घरी यापेक्षा वेगळं काही होत असेल असं मला वाटत नाही. आपण काही वाईट आईबाबा नाही. फक्त मुलं जेव्हा काही दाखवायला येतात, तेव्हा नेमकी आपली सगळ्यात धावपळीची वेळ असते. मग आपल्या तोंडून जे पटकन निघतं ते बहुतेक वेळा चूक दाखवणारंच असतं. चित्र असेल तर "रंग बाहेर गेलाय." फोटो असेल तर "हललाय."

दोन दिवसांनी तिचं दप्तर आवरताना ती वही हाताला लागली. चित्रकलेच्या बाईंनी 'माझा परिसर' म्हणून पाच फोटो काढायला सांगितले होते आणि प्रत्येक फोटोखाली दोन-तीन ओळी लिहायच्या होत्या. त्या हाताच्या फोटोखाली तिने लिहिलं होतं: 'आजींच्या जुन्या गावाजवळ डोंगर होता. तो केवढा होता ते त्या दाखवत आहेत. डोंगर आता नाही, म्हणून मी हाताचा फोटो काढला.'

मी तिथेच पलंगावर बसले.

आपल्या करंजाडे-वडघर भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. नवी मुंबईच्या विमानतळासाठी दहा गावं उठली आणि त्यातली कितीतरी कुटुंबं आपल्या आसपास येऊन राहिली. उलव्याची टेकडी कापून सपाट केली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. आपण गच्चीवर जाऊन विमानांचे फोटो काढले, व्हिडिओ केले, नातेवाइकांना पाठवले. शेजारच्या आजी मात्र माझ्या लेकीला हात उंच करून सांगत होत्या, "यवरा होता." आणि चौदा वर्षांच्या पोरीला प्रश्न पडला होता, की जे आता नाहीच त्याचा फोटो कसा काढायचा? तिने आपल्या परीने उत्तरही शोधलं होतं. आणि मी तिला विचारलं, चेहरा कुठाय?

त्या रात्री मी तिच्याशेजारी जाऊन पडले. म्हटलं, "तो फोटो परत दाखव ना. काढताना तू कुठे उभी होतीस?" ती आधी गप्प राहिली. मग म्हणाली, "उभी नव्हते, खाली बसले होते. उभी राहिले की मागे बिल्डिंग येत होती. मला हाताच्या मागे काहीच नको होतं."

शाळेत चित्रकला, फोटो, व्हिडिओ हे सगळं मुलांना कशासाठी शिकवायचं, याचं उत्तर मला त्या वाक्यात मिळालं. आपण कुठून बघतोय आणि चौकटीबाहेर काय ठेवतोय, हे मुलांच्या लक्षात यावं म्हणून.

खरं तर हे तिने मला आधीही एकदा दाखवलं होतं, तेव्हा माझं लक्ष नव्हतं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेची तयारी चालू होती. वस्तुचित्राच्या सरावासाठी तिने स्टुलावर देवघरातला पितळी तांब्या, एक वांगं आणि दुमडलेला नॅपकिन मांडला होता. तांब्याचं तोंड तिने चपटं, लंबगोल काढलं होतं. मी जाता जाता म्हटलं, "अगं, गोल काढ ना नीट."

"आई, ते गोल आहे, पण इथून गोल दिसत नाहीये. तू इथे बस."

मी फरशीवर तिच्या बाजूला बसले. खरंच की! उभं राहून वरून पाहिलं तर तोंड गोलसर दिसतं. बसलं की चपटं होतं. आणखी वाकून डोळे तोंडाच्या पातळीला आणले, तर उरते नुसती एक आडवी रेघ. वीस वर्षं मी हा तांब्या घासतेय. तो गोल आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी तो कधी बघितलाच नव्हता.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांकडे आपण कसं बघतो, हे मी माझ्यावरूनच सांगते. तिचं नाव मी घातलं ते मार्कांसाठी. इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली की दहावीत ७ मार्क वाढतात, ब ला ५, क ला ३. दहावीची टक्केवारी म्हणजे आपल्या सगळ्यांचीच दुखरी जागा, त्यामुळे हे आकडे मला तोंडपाठ होते. पण त्या परीक्षेत मूल नेमकं काय करतं, ते मी कधी विचारलं नव्हतं. समोरची वस्तू बघून काढायची ते वस्तुचित्र. बघितलेलं आठवून काढायचं ते स्मरणचित्र. शिवाय संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन. पहिल्या दोन नावांकडे जरा बघा. बघणं आणि आठवणं. याच दोन गोष्टींसाठी आपण मुलांना वेळ देत नाही.

स्मरणचित्राचं तर आपण काय करून ठेवतो! बाजारातून तयार चित्रांचं पुस्तक आणतो आणि म्हणतो, "यातली पाच पाठ कर, त्यातलंच येईल." म्हणजे आठवायचं चित्र, तेही दुसऱ्याचं. माझ्या लेकीनेही 'बाजार' हा विषय असाच बसवला होता. गवताच्या छपराची दुकानं, फेटेवाले गिऱ्हाईक, मागे दोन डोंगर. असा बाजार तिने जन्मात पाहिलेला नाही.

मग एका रविवारी मी तिला पनवेलच्या मासळी बाजारात घेऊन गेले. फोन घरी ठेवला, दोघींचाही. काही शिकवलं नाही, मासे घेतले आणि आलो. दुपारी जेवून झाल्यावर विचारलं, "काय काय आठवतंय?" तिने कोळीणबाईंची बसण्याची पद्धत काढली, एक गुडघा वर आणि एक पाय कोयत्यावर. छताला लावलेली निळी ताडपत्री काढली, आणि त्या निळ्या उजेडात माशांचा रंगही निळसर दिसत होता, तो तसाच भरला. पैसे मी दिले होते, घासाघीस मी केली होती, पण तो निळा रंग मला दिसला नव्हता. अशी एखादी फेरी तुम्हीही करून बघा. वेगळा वेळ काढावा लागत नाही, बाजारात आपण जातोच.

आता मोबाइल. यावर बोलल्याशिवाय आपलं हितगुज पुरं होणारच नाही.

मुलाच्या हातात फोन दिसला की आपल्या पोटात गोळा येतो. मलाही येतो. आपल्या लहानपणी दूरदर्शनवर बालचित्रवाणी लागायची, आठवतंय? १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेली ती संस्था खास मुलांसाठी कार्यक्रम तयार करायची. २०१७ मध्ये ती बंद झाली. त्या कार्यक्रमांची वेळ ठरलेली असायची. संपला की संपला, आपण खेळायला पळायचो. आता मुलांच्या हातात जे आहे ते संपतच नाही. एका व्हिडिओखाली दुसरा लगेच सरकून येतो. म्हणून आपली भीती खोटी नाही.

पण मागून पाहिलं तर फोनमध्ये वाकलेलं मूल कायम सारखंच दिसतं. ते रील बघतंय की काही तयार करतंय, हे शेजारी जाऊन बसल्याशिवाय कळत नाही. मी कितीदा तरी लांबूनच "ठेव तो फोन!" म्हणून ओरडले आहे, आणि एकदोनदा तरी ती खरोखर काही करत होती.

तिच्या शाळेत दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली होती. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला लागला, हे आपण सामान्यज्ञानात पाठ केलेलं असतं. पण त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याची वाढ थोडी थोडी करत टिपली होती. पडद्यावर बघताना कोंब भराभर वर येताना दिसायचा. 'अंकुराची वाढ' हे त्या चित्रपटाचं नाव. तो दाखवून त्यांनी पैसे देणाऱ्यांचा विश्वास मिळवला. मला त्या गोष्टीत सरस्वतीबाई जास्त दिसल्या. त्यांनी दागिने दिले, घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक सांभाळला, आणि वर अंधारात बसून फिल्मच्या कडांना भोकं पाडायचं कामही केलं. घरातल्या माणसाला काहीतरी दिसलंय, ते आपल्याला अजून दिसत नाही, तरी त्याच्यासोबत बसायचं. आईबाबांचंही काम बरंचसं असंच असतं.

तर लेकीला मटकीचे मोड टिपायचे होते. मी मनात म्हटलं, झालं, आता उसळ रात्री. पण भिजवलेली मटकी फडक्यात न बांधता चाळणीत पसरून दिली. तिने पुस्तकांची चळत रचून फोन वर ठेवला आणि दर अर्ध्या तासाला एक फोटो काढला. पहिल्या खेपेला सगळं फसलं. फोटो काढताना दर वेळी फोन थोडा सरकायचा, त्यामुळे एकापुढे एक लावल्यावर मटकी उड्या मारतेय असं दिसलं. पुढच्या रविवारी तिने फोनची जागा चिकटपट्टीने आखली, खिडकीचा उजेड बदलतो म्हणून पडदा ओढून दिवा लावला. संध्याकाळपर्यंत वीसेक फोटो झाले. भराभर फिरवले आणि मोड हळूच बाहेर आला. त्या दिवसभरात फोन तिच्या हातात फार तर दहा मिनिटं होता. बाकीचा वेळ ती वाट बघत होती.

शाळेतलं माध्यमशिक्षण म्हणजे नुसतं व्हिडिओ करायला शिकणं नव्हे, हे मला पावसाळ्यात कळलं. आमच्या घरच्या ग्रुपवर पाण्यात बुडालेल्या रस्त्याचा फोटो आला, खाली लिहिलेलं, 'पनवेल, आत्ता.' काळजीने मी तो लगेच पुढे चार ठिकाणी पाठवला. लेकीने बघितला आणि म्हणाली, "आई, रिक्षा बघ."

"काय त्या रिक्षांना?"

"आपल्या रिक्षा काळ्या-पिवळ्या असतात. या हिरव्या आहेत. हे पनवेल नाही."

मला फार ओशाळल्यासारखं झालं. चारही ठिकाणी लिहून कळवलं की फोटो चुकीचा आहे. एरवी आपण मुलांना सांगतो, "नेटवरचं सगळं खरं मानू नका." पण आपणच घाबरून, प्रेमापोटी, घाईघाईत काहीही पुढे ढकलतो, आणि मुलं ते बघत असतात. आता आमच्या घरी एक सवय लावून घेतली आहे. असं काही आलं की दोघी मिळून बघायचं: पाट्या कोणत्या भाषेत आहेत, गाड्यांचे नंबर कुठले आहेत, माणसांनी ऋतूला शोभतील असे कपडे घातलेत का. फोटो शोधून बघायची सोय फोनमध्ये असते, ती तिनेच मला शिकवली. दोन मिनिटं लागतात. आणि त्या दोन मिनिटांत ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेली असते, हा वरचा नफा.

आणखी एक कबूल करते, जरा जड जातंय. तिच्या तेराव्या वाढदिवसाला मी तिचे फोटो स्टेटसला ठेवले. गणवेशातला एक, केक तोंडाला फासलेला एक. ती शाळेतून आली ती रडवेली. मैत्रिणीच्या आईने ते बघितले होते, मैत्रिणीने वर्गात दाखवले होते. "मला विचारायचंस ना," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "अगं, मी आई आहे तुझी!" आज वाटतं, ते काही उत्तर नव्हतं.

शाळेत त्यांना सांगतात, फोटो काढण्याआधी समोरच्याला विचारा. तिने आजींनाही विचारलं होतं. मी मात्र तिला विचारलं नव्हतं. शिवाय गणवेशावर शाळेचं नाव, मागे इमारतीची पाटी. आपल्या मुलीचा पत्ताच आपण जगाला देऊन बसतो. कोणाचाही चेहरा घेऊन खोटा फोटो तयार करणं आता सोपं झालंय, हे वाचून तुमच्यासारखीच माझीही झोप उडते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हे नंबर आमच्या फ्रिजवर चिकटवले आहेत. पण त्या नंबरांच्याही आधी मुलाला आपल्याकडे यावंसं वाटलं पाहिजे. 'आईला सांगितलं तर आधी फोन जाईल' अशी धास्ती असेल, तर ते येणार नाही. म्हणून मी लेकीला शब्द दिलाय, काहीही झालं तरी आधी ऐकून घेईन. तो पाळणं सोपं नाही. परवाच एकदा मोडता मोडता वाचला.

होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते नवऱ्याच्या नावाने. हे वाचलं तेव्हा मला आठवलं, लेकीने काढलेला कर्नाळ्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला होता आणि सगळ्यांची वाहवा स्वतः घेतली होती. तेव्हापासून तिचं काही पाठवायचं तर तिला विचारते आणि खाली तिचं नाव लिहिते. तेवढ्याने ती कशी ताठ बसते, ते बघायला हवं.

"पण यात पुढे काही आहे का?" हा प्रश्न माझ्याही घरात झाला, तिचे बाबाच म्हणाले. त्यांची काळजी रास्त आहे, घराचे हप्ते आम्ही दोघं भरतोय. वाटा आहेत, एवढं आम्ही बघून ठेवलंय. १८५७ मध्ये सुरू झालेलं जे. जे. आपल्यापासून एका लोकलच्या अंतरावर आहे. राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी बारावीनंतर सीईटी असते आणि तिच्यातही वस्तुचित्र, स्मरणचित्र असतंच. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीत मास मीडियाचा विषय घेता येतो. पण ती यातलं काहीच करणार नाही, असंही होईल. कदाचित नर्स होईल, बँकेत लागेल. तरी समोरचं माणूस कुठून बघतंय हे तिला विचारावंसं वाटेल, तर चित्रकलेचे हे तास वाया गेले असं मी म्हणणार नाही.

म्हणून शाळेच्या पालकसभेत गणित-विज्ञानाच्या रांगेत उभं राहून झालं की दोन मिनिटं चित्रकलेच्या शिक्षकांनाही भेटा. त्यांच्या टेबलापुढे बहुतेक कोणी नसतं. "माझं मूल काय बघतं?" एवढंच विचारा. मी विचारलं तेव्हा बाईंनी माझ्या मुलीबद्दल जे सांगितलं, ते मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं. ती नेहमी माणसांचे हात काढते, म्हणाल्या.

परवा रविवारी सकाळी ती खिडकीशी बसून आजींचा हात पेन्सिलीने काढत होती. केस मोकळे, जीभ ओठांच्या कोपऱ्यात, पायाशी खोडरबराचा कचरा. उन्हाची तिरीप बरोबर कागदावर पडली होती. माझा हात आपोआप फोनकडे गेला.

"काढू का गं एक?"

तिने वर न बघताच मान हलवली. "नको ना, आई."

मी फोन ओट्यावर ठेवला आणि फरशीवर, तिच्या बाजूला जाऊन बसले. तिथून कागदावरच्या हाताच्या सुरकुत्या दिसत होत्या.